एका पानानें बिघडलेला डाव

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मधल्या सुटींत आमच्या कळंब गांवचा एक विद्यार्थी माझ्यापाशीं आला. त्याचा चेहरा उतरलेला पाहून मीं कारण विचारलें. आदल्या दिवशीं मोबाईलवरील पत्त्यांच्या एका खेळांत तो ओळीनें पांच डाव हरला होता. शिक्षकाच्या तोंडीं जें उत्तर सदा तयार असतें तेंच मीं दिलें: हारजीत व्हावयाचीच; खेळाडूनें ती सारख्याच मनानें घ्यावी. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “हरलों त्याचें कांहीं नाहीं, सर. मला खेळायलाच मिळालें नाहीं.”

ह्या उत्तरानें मी विचारांत पडलों. मग त्याला बसवून घेऊन मीं सर्व हकीकत विचारली. त्या खेळांत एक पान असें होतें कीं तें टाकतांच समोरच्या खेळाडूची पुढची पाळी बुडे. आणि दुसऱ्या एका साध्या पानाच्या साहाय्यानें तेंच पान पुन्हां हातांत घेतां येई. पान टाकावें, पाळी बुडवावी, पान उचलावें, पुन्हां टाकावें, असें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे समोरच्यानें नुसतें पडद्याकडे पाहत बसावयाचें. खेळाचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु त्या मुलाच्या बोलण्यानें एक प्रश्न उभा राहिला, आणि तो आमच्या विद्यार्थिवाचकांच्याहि उपयोगाचा असल्यामुळें त्याचा येथें थोडा विस्तार करितों. हरणाऱ्याची कुरकुर कोणती आणि खेळाविषयींची न्याय्य तक्रार कोणती, हें कसें ओळखावें?

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना आपल्या देशांत २०२५ सालच्या कायद्यानें बंदी झाली आहे. त्यांचा विचार येथें कर्तव्य नाहीं. येथें केवळ मनोरंजनाच्या खेळांतील पानाच्या रचनेचा विचार करावयाचा आहे.

प्रथम आपल्या ओळखीच्या खेळाकडे पाहूं. नाताळच्या किंवा मे महिन्याच्या सुटींत घरोघर मेंढीकोट रंगतो. बावन्न पानें, चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, आणि प्रत्येकाच्या वांट्याला तेरा पानें. ह्या खेळांत चार दश्श्या, म्हणजे मेंढ्या, सर्वांत मोलाच्या. ज्या पक्षाकडे अधिक मेंढ्या तो जिंकला. दोन्ही पक्षांकडे दोन दोन झाल्या तर सात किंवा अधिक हात करणारा जिंकला. परंतु गंमत अशी कीं, जिच्यासाठीं सारा डाव लढावयाचा ती मेंढी बळानें मोठी नाहीं. एक्का, राजा, राणी आणि गुलाम हे चौघेहि तिला मारतात. हुकमाची क्षुल्लक दुर्रीसुद्धां दुसऱ्या रंगाच्या मेंढीला गिळते. म्हणून मेंढी हातीं आली कीं आनंदाबरोबर काळजीहि येते. ती केव्हां उतरावी, भिडूच्या एक्क्याची वाट पाहावी कीं काय, विरोधकाच्या हातांत त्या रंगाचीं पानें किती उरलीं असतील, हा सर्व हिशेब करावा लागतो. मोल एकीकडे आणि बळ दुसरीकडे, अशी वांटणी ज्यानें प्रथम केली त्या अज्ञात मनुष्याला रचनेचें मर्म कळलें होतें, असें म्हटलें पाहिजे. उत्तम पानाची खूण हीच कीं तें हातीं येतांच विचार संपत नाहीं; उलट तेथून सुरू होतो.

आतां आपल्याच महाराष्ट्रांतील ह्याहून जुना खेळ पाहा. गंजिफा हा पत्त्यांचा प्रकार मोंगलांबरोबर हिंदुस्थानांत रूढ झाला. बाबरानें १५२७ सालीं सिंधमध्यें शाह हसन यास गंजिफा पाठविल्याचा उल्लेख त्याच्या आत्मचरित्रांत आहे. पुढें आपल्याकडे दशावतारी गंजिफा प्रचारांत आला, आणि त्याचीं हातानें रंगविलेलीं गोल पानें आजहि सावंतवाडीस तयार होतात. तेथील भोसले राजघराण्यांतील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी ह्यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही मावळती कला पुन्हां उभी केली, हें सर्वश्रुत आहे. ह्या गंजिफ्यांत दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक ते दहा अशीं बारा पानें. मिळून पानें १२०.

ह्या खेळांतील एक योजना फार विचार करण्यासारखी आहे. दहांपैकीं पांच रंगांत राजा व प्रधान ह्यांच्या खालोखाल दहाचें पान मोठें आणि एकाचें सर्वांत लहान. उरलेल्या पांच रंगांत हाच क्रम उलटा, म्हणजे एकाचें पान मोठें आणि दहाचें सर्वांत लहान. तसेंच दिवसा खेळ चालला असेल तर रामाचा राजा ज्याच्या हातीं त्याची पहिली उतारी. रात्रीं तोच मान कृष्णाच्या राजाकडे जातो. ह्याचा परिणाम काय होतो? कोणताहि अंक स्वभावतःच भाग्यवान राहत नाहीं. एका रंगांत जो दहा मिरवितो तोच दुसऱ्या रंगांत तळाशीं बसतो. पानाची योग्यता त्याच्या जागेवरून ठरते. शिवाय गंजिफा काय किंवा मेंढीकोट काय, सर्वांचीं पानें एकाच गड्डींतून वांटलीं जातात. एखादें पान वाजवीपेक्षां बलवान असलें तरी तें आज माझ्याकडे तर उद्यां तुमच्याकडे येतें. आणि दोष सर्वांच्या वांट्याला सारखा आला म्हणजे फारसा बोंचत नाहीं.

अलीकडील खेळांचा मार्ग येथेंच वेगळा होतो. १९९३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड गारफील्ड नांवाच्या गणितज्ञानें ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ रचला, आणि त्यांतून पत्त्यांच्या एका नव्या जातीचा जन्म झाला. ह्या जातींत सर्वांची मिळून एक गड्डी नसते. हजारों पानांतून प्रत्येक खेळाडू आपल्या पसंतीचीं पानें जमवितो व स्वतःची गड्डी घेऊन सामन्यास येतो. बहुतेक पानांवर त्यांची किंमत छापलेली असते. ती किंमत पैशांत नसून खेळांतील शक्तींत मोजावयाची. शक्ति पाळीगणिक वाढत जाते, आणि जितकी शक्ति जवळ असेल तितक्याच किंमतीचीं पानें टाकतां येतात. २०१४ सालीं आलेला ‘हार्थस्टोन’ हा तर केवळ संगणकावर व मोबाईलवर खेळावयाचा. त्यांत गड्डी तीस पानांची, आणि दर पाळीस शक्ति एकानें वाढून दहापर्यंत जाते. अशा खेळांत एखादें पान सदोष निघालें तर तें आज ह्याला उद्यां त्याला असें फिरत नाहीं. ज्याच्या संग्रहीं तें आहे त्याच्या गड्डींत तें रोज असतें. ज्याच्यापाशीं नाहीं तो रोज मार खातो.

सदोष पान म्हणजे नुसतें बलवान पान नव्हे, हें येथें ध्यानांत ठेवावें. दहा शक्तीचें पान एका शक्तीच्या पानाहून बलवान असावयाचेंच. दोष कोठें असतो तें तीन प्रसिद्ध उदाहरणांवरून पाहूं.

पहिलें उदाहरण ‘मॅजिक’मधील ‘स्कलक्लॅम्प’ ह्या २००४ सालच्या पानाचें. हें एक शस्त्र. तें टाकण्यास एक शक्ति लागे आणि आपल्या एखाद्या सैनिकाच्या हातीं देण्यास आणखी एक. शस्त्र धारण केलेल्या सैनिकाचा मारा एकानें वाढे, पण जीव एकानें घटे. आणि तो मेला तर त्याच्या धन्याला गड्डींतून दोन नवीं पानें मिळत. जीव एकानें घटतो ही शिक्षा आहे, असें वरवर पाहणारास वाटेल. परंतु ज्या सैनिकाचा जीव मुळांतच एक आहे त्याला हें शस्त्र दिलें कीं तो तात्काळ मरे, आणि धन्याच्या हातीं दोन पानें येत. म्हणजे जो तोटा म्हणून लिहिला तोच नफा ठरला! क्षुद्र सैनिक आणावा, शस्त्र देऊन मारावा, दोन पानें घ्यावीं, हाच उद्योग जिकडे तिकडे सुरू झाला. हा फेरबदल पान तयार होतांना अगदीं अखेरीस झाला आणि त्याची पुरेशी पारख झाली नाहीं, असें खेळाच्या कर्त्यांनींच पुढें उघडपणें कबूल केलें. त्याच वर्षीं जूनमध्यें मुख्य स्पर्धांतून ह्या पानाला बंदी झाली. ह्यांत दोष कोणता? मोल न देतां मिळणारा लाभ.

दुसरें उदाहरण ‘हार्थस्टोन’मधील ‘अंडरटेकर’ ह्या पानाचें. हें २०१४ च्या जुलैंत आलें. किंमत अवघी एक शक्ति, मारा एक आणि जीव दोन. पण मरतांना कांहीं परिणाम करणारा असा एका विशिष्ट जातीचा सैनिक आपण मांडला कीं अंडरटेकरचा मारा आणि जीव दोन्ही एकानें वाढत. पहिल्याच पाळीस तो मांडला आणि पुढें त्या जातीचे सैनिक येत गेले तर तिसऱ्या-चौथ्या पाळीपर्यंत तो इतका थोर होई कीं समोरच्याच्या लहान शक्तींत त्याला आवरणारें कांहीं नसे. ज्याच्या पहिल्या हातांत तो आला त्याचा डाव, असा प्रकार झाला. २०१५ च्या जानेवारींत कर्त्यांनीं एवढाच बदल केला कीं यापुढें केवळ मारा वाढेल, जीव वाढणार नाहीं. एका अंकानें काम झालें. कारण मारा कितीहि असो, जीव दोनच राहिल्यामुळें साध्या पानानेंहि त्याला उत्तर देतां येऊं लागलें. येथें दोष होता तो उत्तर न उरण्याचा.

तिसरें उदाहरण त्याच खेळांतील ‘योग-सॅरॉन’ ह्या २०१६ सालच्या पानाचें. किंमत पुरती दहा शक्ति, म्हणून फुकटचा लाभ म्हणतां येत नाहीं. पण तें टाकलें कीं त्या डावांत आपण जितके मंत्र खेळलों असूं तितके नवे मंत्र आपोआप सुटत. कोणते सुटतील आणि कोणावर पडतील हें सर्वस्वीं दैवाधीन. प्रेक्षकांना मौज वाटे. पण अर्धा तास डोकें चालवून जिंकीत आणलेला डाव एका सोडतीनें उलटतांना पाहून खेळाडूला काय वाटत असेल? त्याच वर्षीं ऑक्टोबरांत नियम बदलून असें ठरविलें कीं हें पान मध्येंच नाहींसें झालें तर त्याचे पुढचे मंत्रहि थांबावे.

ह्यावर कोणी म्हणेल कीं दैव मेंढीकोटांतहि आहेच. पानें पिसून वांटतांना कोणाला काय येईल हें कोणाला ठाऊक? हें खरें. परंतु त्या दैवांत आणि ह्या दैवांत मोठा भेद आहे. मेंढीकोटांत दैव आधीं येतें आणि बुद्धि मागून. वाईट पानें आलीं तरी त्यांतून वाट काढण्यास तेरा हात पुढें असतात, आणि चतुर खेळाडू हलक्या पानांवरहि डाव वांचवितो. येथें उलट, बुद्धि आधीं चालली आणि दैवानें शेवटीं येऊन तिच्यावर बोळा फिरविला. शेतकरी पाऊस पाहून पेरणीचा विचार करतो. पण पीक कापून खळ्यांत आल्यावर जर सोडत काढून तें कोणाचें हें ठरवूं लागले, तर पुढल्या वर्षीं नांगर कोण धरील?

आतां कोणीहि विचारील कीं, इतके बुद्धिमान कर्ते असतां अशीं पानें सुटतात कशीं? ह्याचें उत्तर साध्या गणितांत आहे. एका खेळांत हजार पानें आहेत असें समजा. एकेक पान तपासणें कठीण नाहीं. परंतु दोन दोन पानांच्या जोड्या करूं गेल्यास त्यांची संख्या ४,९९,५०० होते, आणि तीन तीन पानांचे गट १६,६१,६७,००० होतात. आमच्या विद्यार्थ्याला छळणारा प्रकार ह्याच वर्गांतला होता. पाळी बुडविणारें पान एकटें असतें तर एकदांच त्रास देतें, आणि पान उचलून देणारें पान तर अगदींच निरुपद्रवी. दोन्ही एकत्र आलीं तेव्हां अनर्थ झाला. मूठभर परीक्षक महिनाभरांत जितके डाव खेळतील त्याहून अधिक डाव लक्षावधि खेळाडू एका दिवसांत खेळतात. म्हणून कर्त्यांच्या नजरेंतून निसटलेली जोडी खेळाडूंना लौकर सांपडते. ह्याखेरीज एक मोहहि आहे. नवीं पानें खपावयाचीं तर तीं जुन्यांहून थोडीं सरस असावीं असें विकणाऱ्यास वाटतें. आणि थोडें थोडें करतां करतां जुनीं पानें निकामी होतात.

उपायाच्या बाबतींत मात्र नव्या खेळाला एक सोय आहे. छापलेलें किंवा रंगविलेलें पान एकदां लोकांच्या घरीं गेलें कीं त्यावरचा अंक पुसतां येत नाहीं. फार तर त्याला स्पर्धेबाहेर ठेवतां येतें. मोबाईलवरचें पान एका रात्रींत सर्वांच्या हातीं बदलतां येतें. ह्यांत न्यायाची संधि आहे, तशी जबाबदारीहि आहे. ज्यानें कष्टानें किंवा पैसे देऊन तें पान मिळविलें त्याचें नुकसान होऊं नये. ‘हार्थस्टोन’मध्यें अशा वेळीं बदललेल्या पानाचें पूर्ण मोल खेळांतील साधनांच्या रूपानें कांहीं मुदतीपर्यंत परत घेतां येतें, ही रीत योग्य आहे. आणि बदल करावयाचा तो कारण सांगून व उघडपणें करावा. नाहीं तर आजचा नियम उद्यां राहील कीं नाहीं हा संशय खेळाडूच्या मनांत घर करतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कुरकुर आणि न्याय्य तक्रार ह्यांतील भेद ओळखण्यास मीं त्या मुलाला तीन प्रश्न स्वतःला विचारावयास सांगितलें. ह्या पानाला माझ्यापाशीं कांहीं उत्तर असूं शकत होतें काय? ह्या पानाच्या लाभासाठीं समोरच्याला कांहीं द्यावें लागलें काय? आणि तिसरा, सर्वांत अवघड: हेंच पान माझ्या हातीं असतें, तर मी हीच तक्रार केली असती काय? हा तिसरा प्रश्न माझा नव्हे. प्रभु येशूनें डोंगरावरील प्रवचनांत दुसऱ्याशीं वागण्याचा जो दंडक घालून दिला आहे त्याचेंच हें खेळांतील रूप. पहिल्या दोन प्रश्नांचें उत्तर त्यानें तत्काळ ‘नाहीं’ असें दिलें. तिसऱ्याला मात्र तो अडखळला. आणि त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला कौतुक वाटलें.

म्हणून दिवाळीच्या सुटींत आम्हीं एक प्रयोग केला. कळंबला त्यांच्या घराच्या ओट्यावर चार मुलें मेंढीकोटास बसविलीं आणि मीं एकच नवा नियम घातला: बदामाची दश्शी एक्क्याला, राजाला आणि हुकमालाहि मारील. पहिल्या डावांत हर्ष झाला. दुसऱ्यांतहि ज्याला ती मेंढी आली तो ओरडला. चौथ्या डावास मात्र मुलें आपलीं पानें पाहण्याऐवजीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलीं, कारण ती कोणाकडे गेली हें चेहऱ्यावरच कळे, आणि त्या मेंढीसाठीं लढण्याचें कारणच उरलें नाहीं. सहाव्या डावाला ती आमच्याच विद्यार्थ्याच्या हातीं होती. त्यानें ती टाकली, हात ओढला, आणि म्हणाला, “सर, जुनाच नियम बरा.” ज्याला लाभ झाला त्याच्याच तोंडून हे शब्द आले, तेव्हां तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मिळालें असें मीं मानलें.

त्यानंतर त्यानें त्या मोबाईलवरील खेळाच्या कर्त्यांना एक पत्र लिहिलें. त्यांत शिवीगाळ नाहीं, रडगाणें नाहीं. कोणतीं दोन पानें एकत्र आलीं म्हणजे काय होतें आणि किती पाळ्या बुडतात एवढेंच आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं. परंतु तोंवर तो रिकामा बसला नाहीं. जुन्या पुठ्ठ्यांचीं पानें कापून त्यानें मित्रांसह आपलाच एक खेळ तयार केला आहे. त्यांत होड्या आहेत, जाळीं आहेत, वारा आहे, आणि ‘भरती’ नांवाचें एक पान आहे. हें पान टाकलें कीं समोरच्याच्या सर्व होड्या वाहून जात. किंमत त्यानें आपल्या आवडीप्रमाणें अगदीं अल्प ठेवली होती. पहिल्या दिवशीं तो धाकट्या बहिणीशीं खेळावयास बसला. दुसऱ्यांदां भरती आली तेव्हां तिनें पानें खालीं ठेवलीं आणि ती कांहीं न बोलतां उठून गेली.

ही गोष्ट त्यानें मला आपण होऊन सांगितली. आतां त्या पानावरील मजकूर खोडून असें लिहिलें आहे कीं, भरती येणार हें एक पाळी आधीं सांगावें, आणि ती आली म्हणजे दोन्ही बाजूंच्या होड्या न्याव्या. बहीण पुन्हां खेळावयास येते, आणि भरतीची सूचना मिळतांच आपल्या होड्या किनाऱ्यावर ओढून घेण्याचें एक नवें पान तिनें स्वतःच सुचविलें आहे.